ट्रिमर

टाइन नदी जिथे समुद्राला
आपला सगळा गाळ सोपवून मोकळी होते,
त्या साउथ शील्ड्समध्ये
नजीबा मुक्बिलचं केस कापायचं दुकान आहे.
तीन खुर्च्या. त्यातली एक मोडकी,
तिच्यावर टॉवेल वाळतात.

दिवसभर कानावर एकच शब्द :
ट्रिम. फक्त ट्रिम. जास्त नको.
म्हणजे कापायचं,
पण कापलंय असं वाटू द्यायचं नाही.

डिसेंबरात तोच शब्द उलटा फिरतो.
शेजारची डोरीन हेस्लप दारातूनच ओरडते,
"झाड ट्रिम करायला येतेस ना?"
तिथे कात्री लागत नाही.
खोकी उघडायची आणि टांगत सुटायचं :
काचेचे गोळे, कान तुटलेलं मेंढरू,
डोरीनच्या नवऱ्यानं लग्नाच्या वर्षी आणलेली
चंदेरी माळ, आता निम्मी टकली.

सात वर्षांची होती नजीबा,
कपाटात आजोबांचं खलाशी-पुस्तक सापडलं तेव्हा.
काइद मुक्बिल. जन्म : एडनकडे कुठेतरी.
उंची पाच फूट चार.
डाव्या मनगटावर भाजल्याचा व्रण.
हुद्दा : ट्रिमर.

तिनं वर्गात सांगून टाकलं,
माझे आजोबा जहाज सजवायचे.
चित्रही काढलं :
डोलकाठीला झिरमिळ्या, धुराड्याला हार,
शिडीवर एक सावळा माणूस, ओठांत टाचण्या धरलेला.
बाईंनी ते भिंतीवर लावलं.
घरी बाप हसला नाही.
चहातली साखर ढवळत राहिला,
ती विरघळून गेल्यावरही.

मग तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं.
पाणरेषेखाली कोळशाचं कोठार,
एक कंदील, एक फावडं, एक हातगाडी.
भट्टी या बाजूचा कोळसा खाते,
बोट त्या बाजूला कलते,
म्हणून तिकडचा इकडे ओढायचा,
उद्या इकडचा तिकडे,
वर कप्तानाच्या बशीत चहा सांडू नये म्हणून.
पगार भट्टीवाल्याहूनही कमी.
ढीग खचला
तर नाव वहीत आणि माणूस कोळशात.

शब्दाचं मूळ तिला भेटलं ते गेल्या हिवाळ्यात,
ग्रंथालयात, बाहेर गारा, आत हीटर बंद,
एका जाडजूड कोशाच्या शेवटाकडल्या खंडात.
हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत
'ट्रुम' म्हणजे भक्कम.
त्यावरून क्रियापद : भक्कम करणं, बळ देणं,
सैन्य रांगेत उभं करणं.
पुढे काही शतकं
हा शब्द कागदावर जवळपास दिसतच नाही.
कुठे होता?
लिहिता न येणाऱ्यांच्या तोंडात असेल.
बोटीच्या तळाशी असेल,
वर जायला कुणी सांगितलं नसेल.
पुन्हा उगवला तेव्हा
शीड, दाढी, वात, झगा
सगळ्यांवर हात फिरवत आला,
टोपीला फीत लावून.

(आपल्याकडे तरी काय वेगळं?
सज्ज झाला, तोच सजला.
घोड्याच्या पाठीवर साज,
बाईच्या गळ्यातही साज.
वातीची काजळी झाडतो
तेव्हा आपण दिवा छाटतो की नटवतो?
मला अजून ठरवता आलेलं नाही.)

डोरीनचं झाड यंदा बादलीत तिरकं उभं आहे,
खिडकीकडे झुकलेलं,
बाहेर कोण आलं ते बघावं तसं.
"जड गोळे त्या बाजूला घे," डोरीन सोफ्यावरून म्हणते,
तिचे गुडघे आता ऐकत नाहीत.
नजीबा खाली बसते.
एक गोळा इकडचा तिकडे.
मेंढरू तिकडे.
मग एक परत इकडे.
मनगटाला सुया टोचतात,
ती बाही खाली ओढत नाही.

बराच वेळ लागतो.
दिवे लावल्यावर डोरीन म्हणते,
"सुंदर दिसतंय गं."

नजीबा दोन बोटांनी बुंधा ढकलून बघते.
"हलत नाहीये," ती म्हणते.